काडतुसांची घरगुती पुनर्भरणी : खर्च, वेळ आणि स्वावलंबन यांचा एक ताळेबंद

प्रास्ताविक

बंदुकीतून काडतूस उडाले की ते संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः काडतुसाच्या चार घटकांपैकी तीनच खर्ची पडतात. तळाशी बसवलेली टोपी, म्हणजेच प्रायमर, ठिणगी पाडून निकामी होते, दारू जळून जाते आणि गोळी लक्ष्याकडे निघून जाते. मागे उरते ती पितळी पुंगळी. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा मिश्रधातूची ही पुंगळी बहुधा काडतुसातील सर्वांत महाग घटक असते आणि ती पुन्हा वापरता येते. या एका वस्तुस्थितीवर अमेरिकेत एक मोठा छंद आणि त्याला अवजारे पुरवणारा एक व्यवसाय उभा राहिला आहे. रिकाम्या पुंगळ्या घरीच नव्याने भरण्याच्या या कामाला तेथे रीलोडिंग म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'पुनर्भरणी' ही संज्ञा वापरली आहे.

कारखान्यात तयार झालेले काडतूस विकत घेण्याऐवजी ते घरी भरणे परवडते काय, असा प्रश्न या क्षेत्रातील नवागत हमखास विचारतो. वरवर पाहता हा नेमबाजांचा घरगुती प्रश्न आहे. परंतु 'स्वतः करावे की विकत घ्यावे' या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचे इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडते, कारण येथे प्रत्येक घटकाची किंमत वेगळी मोजता येते आणि श्रमाचे तासही मोजता येतात. पुनर्भरणीच्या बाजूने बचत, अचूकता आणि स्वावलंबन अशी तीन कारणे दिली जातात. यांपैकी बचतीचे कारण ज्या काडतुसांच्या बाबतीत सर्वाधिक ऐकू येते, नेमके तेथेच ते सर्वांत लंगडे आहे; आणि स्वावलंबनाचे कारण टोपीपाशी येऊन अडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. नळीत दारू ओतायची, गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ठासायचे आणि बार काढायचा; प्रत्येक बंदूकधारी आपला बार आपणच भरत असे. आपल्याकडे कोकणात पिकांच्या राखणीसाठी बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकांमुळे ही पद्धत वाचकांना अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस रुळले आणि भरण्याचे काम घरातून कारखान्यात गेले. मात्र ते पूर्णपणे कधीच गेले नाही. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात बायसनची शिकार करणारे लोक दुकानापासून शेकडो मैल दूर असत. ते शिसे आणि दारू सोबत बाळगून तळावरच पुंगळ्या भरीत. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल ही भरणीची अवजारे बनवणारी कंपनी काढली. पुढे १९२५ मध्ये ती लायमन कंपनीने घेतली.

तथापि आजच्या छंदाचा पाया दुसऱ्या महायुद्धाने घातला. युद्धकाळात कारखान्यांचा माल सैन्याकडे जाऊ लागला आणि नागरिकांना काडतुसे मिळेनाशी झाली. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये उडालेल्या पॉइंट २२ च्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणे घडवणारे साचे तयार केले. रॉक चक या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या वापरल्या जात. आरसीबीएस या आज सुप्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या नावातील पहिली दोन अक्षरे त्याच प्राण्याची आहेत. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याकडे शिल्लक राहिलेली दारू विकत घेऊन ती नागरिकांना विकण्यास सुरुवात केली. टंचाईत शिकलेली कला आणि स्वस्त मिळालेला कच्चा माल यांच्या संयोगातून पुनर्भरणी घरोघरी पोहोचली. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी अगदी स्वस्त हातअवजारे बाजारात आणली आणि या छंदात प्रवेश करण्याचा खर्च आणखी उतरला.

कोणती काडतुसे भरता येतात?

सर्वच काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत. पॉइंट २२ च्या काडतुसात स्वतंत्र टोपी नसते. पुंगळीच्या कडेतच स्फोटक मिश्रण असते आणि बंदुकीचा घोडा ती कड चेपतो. एकदा चेपलेली कड निरुपयोगी होते. २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत असोत की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे असोत, ५० मीटर रायफल प्रकारात वापरले जाते ते हेच काडतूस. त्यामुळे महाराष्ट्राला ज्या नेमबाजीचा अभिमान आहे, तिच्या बहुतांश भागाला पुनर्भरणीचा प्रश्न लागूच होत नाही. तेथे खेळाडू फक्त निरनिराळ्या कारखान्यांच्या निरनिराळ्या खेपा आपल्या बंदुकीत तपासून पाहतो आणि जी खेप जुळेल ती साठवतो.

स्वतंत्र टोपीच्या काडतुसांतही दोन पद्धती आहेत. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकन हायरम बर्डन यांची युरोपात, हा इतिहासाचा एक गमतीदार व्यत्यास होय. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यातून सळई घातली की जुनी टोपी निघून येते. बर्डन पद्धतीत दोन बारीक छिद्रे असतात आणि ऐरण पुंगळीतच घडवलेली असते, त्यामुळे टोपी काढणे जिकिरीचे होते. अमेरिकेत हा छंद फोफावला याचे श्रेय काही अंशी या एका छिद्राला द्यावे लागेल.

पुनर्भरणीची कृती थोडक्यात अशी : जुनी टोपी काढणे, फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ आकारात आणणे, नवी टोपी बसवणे, मोजून दारू घालणे आणि वर गोळी बसवणे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. आपल्या जुन्या तोळ्याच्या हिशेबाने एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. सोनाराच्या काट्याची अचूकता येथे का लागते, हे यावरून ध्यानात यावे.

पैशाचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील किमती केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत. त्या दुकानागणिक आणि वर्षागणिक बदलतात. परंतु त्यांचे परस्परप्रमाण अलीकडच्या अमेरिकन बाजाराशी सुसंगत आहे.

अमेरिकेत अतिशय खपणारे ९ मिलिमीटर पिस्तुलाचे काडतूस घेऊ. कारखान्याचे साधे काडतूस २६ सेंटला पडते असे मानू. घरी भरताना टोपीचे ७ सेंट, गोळीचे १० सेंट आणि दारूचे सुमारे ३ सेंट लागतात. पुंगळी मैदानातून वेचून आणलेली, म्हणून तिची किंमत शून्य धरू. एकूण खर्च २० सेंट, म्हणजे बचत ६ सेंट. हजार काडतुसांमागे ६० डॉलर वाचले. प्रेस, साचे, काटा, दारूचे माप आणि पुंगळ्या घासण्याचे यंत्र यांवर ४०० डॉलर खर्च झाला असेल, तर तो भरून निघण्यास सुमारे ६७०० काडतुसे भरावी लागतील. आठवड्याला शंभर काडतुसे उडवणारा मनुष्य सव्वा वर्षात तेथवर पोहोचतो. येथपर्यंत हिशेब आकर्षक दिसतो आणि बहुतेक चर्चा येथेच थांबतात.

परंतु त्या सव्वा वर्षातले तास कोठे गेले? एका वेळी एकच क्रिया करणाऱ्या साध्या प्रेसवर तासाला सुमारे ५० काडतुसे भरून होतात. तासाला ५० काडतुसे आणि काडतुसामागे ६ सेंट, म्हणजे तासाची कमाई ३ डॉलर. अमेरिकेचे संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणजे आपल्याच घरातील हा कारागीर कायदेशीर किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी दरावर राबतो आणि तरीही आपण पैसे वाचवले असे समजतो. हँडलच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस पूर्ण करणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतला आणि तासाला ४०० काडतुसे निघाली, तर कमाई २४ डॉलरवर जाते. मात्र अशा यंत्राचा सर्व सरंजामासह खर्च सहज हजार डॉलरच्या घरात जातो आणि तो वसूल करण्यास १६,००० हून अधिक काडतुसे लागतात.

गॅरी बेकर यांनी १९६५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात कुटुंब हे बाजारातील वस्तू आणि स्वतःचा वेळ यांच्या मिश्रणातून उपभोग निर्माण करते, असे मांडले. त्या चौकटीत पाहिले तर 'माझा वेळ फुकट आहे' हे विधान टिकत नाही. मात्र एक शक्यता उरते. भरण्याचे काम हाच जर आनंद असेल, तर ते तास खर्चाच्या नव्हे, उपभोगाच्या बाजूला मांडावे लागतात. दिवाळीचा फराळ घरी करणारी व्यक्ती हलवायाच्या दराशी तुलना करीत बसत नाही. हे उत्तर पूर्णतः ग्राह्य आहे. पण मग त्याला बचत म्हणू नये, छंद म्हणावे.

रायफलच्या काडतुसांत चित्र पालटते. स्पर्धेसाठीचे पॉइंट ३०८ चे कारखानी काडतूस १ डॉलर ६० सेंटला मिळते असे धरू. घरी भरताना उत्तम गोळी ५० सेंट, दारू ३० सेंट, टोपी ८ सेंट आणि एक डॉलरची पुंगळी दहा वेळा वापरली तर तिचा भाग १० सेंट. एकूण ९८ सेंट. बचत ६२ सेंट. हे काम सावकाश करावे लागते. तरी तासाला ३० काडतुसे धरली, तर तासाची कमाई १८ डॉलरहून अधिक होते आणि ७०० डॉलरची सामग्री सुमारे ११३० काडतुसांत वसूल होते. काडतूस जितके मोठे, महाग वा दुर्मीळ, तितका हा फरक वाढतो. जुन्या बंदुकांसाठीची जी काडतुसे कारखान्यांनी बनवणेच थांबवले आहे, त्यांच्या बाबतीत तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. उलट १२ बोअरच्या सरावाच्या साध्या काडतुसांत बचत बहुधा नगण्य असते, कारण छर्ऱ्यांसाठी शिशाला पैसे मोजावे लागतात आणि कारखाना ते घाऊक दराने घेतो.

कराचा एक छोटा भाग येथे नोंदवला पाहिजे. अमेरिकेत तयार काडतुसांवर ११ टक्के संघीय उत्पादनशुल्क आहे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार ते वन्यजीव संवर्धनाकडे वळते. सुटे घटक या शुल्काच्या कक्षेत येत नाहीत. मात्र टोप्या आणि दारू घरपोच मागवल्यास घातक मालाच्या वाहतुकीचे ठोक शुल्क प्रत्येक खेपेला द्यावे लागते. थोडा माल मागवणाऱ्याची करातील बचत त्यातच विरून जाते.

पुंगळीच्या दहा आयुष्यांविषयीही सावधपणे बोलावे लागते. पितळ प्रत्येक वेळी फुगते, पुन्हा दाबले जाते आणि कठीण होत जाते. अखेरीस त्याच्या तोंडाला चीर पडते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर ठोके देऊन कठीण झालेले भांडे पुन्हा तापवून मऊ करतो, तसेच पुंगळीचे तोंड तापवून तिचे आयुष्य वाढवता येते. ही आणखी एक क्रिया, आणखी एक यंत्र आणि आणखी काही तास.

शेवटी वर्तनाचा प्रश्न. विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये 'द कोल क्वेश्चन' या ग्रंथात दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे कोळसा काटकसरीने जाळू लागली म्हणजे कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो. पुनर्भरणी करणारे याची कबुली हसत हसत देतात : पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत अधिक बार उडतात. सरावाची वाढ हेच ज्याचे ध्येय आहे त्याला हा लाभच आहे. घरखर्चाच्या वहीत मात्र तो कोठे दिसणार नाही.

अचूकतेचा दावा

कारखान्याला आपले काडतूस त्या मापाच्या प्रत्येक बंदुकीत बसेल असेच बनवावे लागते. अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था त्यासाठी मापे आणि दाबाच्या मर्यादा ठरवते. घरी भरणारा एकाच बंदुकीसाठी भरतो. तिच्या घराचे नेमके माप, गोळीची खोली, दारूचा प्रकार हे सारे तो जुळवू शकतो. दूर पल्ल्याच्या स्पर्धांत पुनर्भरणी प्रचलित आहे ती या कारणाने, आणि तेथे ते कारण खरे आहे.

परंतु सामान्य नेमबाजाच्या तोंडी हा दावा आला की पुरावा तपासावा. तीन गोळ्यांचा एक झुपका दुसऱ्याहून लहान आला, एवढ्यावर एक भरणी दुसरीपेक्षा सरस ठरवली जाते. ज्याने संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यास केला आहे त्याला तीन निरीक्षणांवरून विचरणाचा अंदाज बांधणे किती धाडसाचे आहे, हे सांगावयास नको. त्यातच दर्जेदार कारखानी काडतुसे गेल्या काही दशकांत फारच सुधारली आहेत. शंभर मीटरवर हौसेने नेम धरणाऱ्याच्या हाताची थरथर त्या दोहोंतील फरकापेक्षा बहुधा मोठी असते.

धोका आणि कायदा

कारखान्यात प्रत्येक टप्प्यावर तपासणी असते. घरी ती एकाच माणसाच्या अवधानावर अवलंबून असते. धूरविरहित दारू थोड्या आकारमानात मोठी शक्ती देते, त्यामुळे पिस्तुलाच्या पुंगळीत ती दोनदा पडली तरी वरून सहसा लक्षात येत नाही, आणि असा बार बंदूक फोडू शकतो. उलट दारू पडलीच नाही, तर टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. ते न ओळखता पुढचा बार काढला तर परिणाम तितकाच भयंकर होतो. दूरचित्रवाणी चालू ठेवून भरणी करू नये, हा या छंदातील जुना नियम यासाठीच आहे. टोप्यांत आणि गोळ्यांत शिसे असते, हाही आरोग्याचा मुद्दा गौण नव्हे. शिवाय अनेक बंदूक-उत्पादक घरी भरलेले काडतूस वापरल्यास हमी नाकारतात. वरील ६ सेंटांच्या बचतीत या जबाबदारीची किंमत कोठेही धरलेली नाही.

कायद्याच्या दृष्टीने देशोदेशी मोठी तफावत आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी मात्र लागतो. जर्मनीत अभ्यासक्रम पूर्ण करून स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळ्याची निर्मिती निषिद्ध आहे आणि २०१९ च्या सुधारणेने बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी कडक केली. त्यामुळे वरील हिशेब भारतीय वाचकाने अर्थशास्त्राचे उदाहरण म्हणूनच वाचावयाचा आहे.

स्वावलंबनाची मर्यादा

पुनर्भरणीचे समर्थक शेवटी टंचाईचा आधार घेतात : बाजारात काडतुसे नसतील तेव्हा आम्ही आमची भरू. अमेरिकेत अशी टंचाई वारंवार आली. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर, डिसेंबर २०१२ मधील सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर आणि २०२० च्या महासाथीत लोकांनी दुकाने रिकामी केली. शेवटच्या टंचाईत रेमिंग्टन कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये घोषित झालेल्या निर्बंधांमुळे स्वस्त रशियन काडतुसांची नवी आयात बंद होण्याच्या मार्गाला लागली.

या काळात जे घडले ते स्वावलंबनाच्या दाव्यास अनुकूल नव्हते. काडतुसांबरोबर टोप्याही बाजारातून नाहीशा झाल्या. याचे कारण उघड आहे. गोळी शिसे वितळवून घरी ओतता येते. पुंगळी परत वापरता येते. टोपी मात्र घरी करण्याजोगी वस्तू नाही. धक्क्याने पेटणारे संवेदनशील स्फोटक हाताळणारा कारखानाच ती बनवू शकतो. अमेरिकेत असे मोठे उत्पादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि तेच तयार काडतुसेही बनवतात. मागणी वाढली की टोपी आपल्या काडतुसात बसवावी की सुटी विकावी, हा निर्णय त्यांचा असतो. आणि तो बहुधा काडतुसाच्या बाजूने लागतो, कारण नफा तेथे अधिक आहे. सीसीआय आणि फेडरल ही टोप्यांची दोन प्रमुख नावे एकाच समूहात होती आणि २०२४ मध्ये तो समूह चेकोस्लोव्हाक ग्रुप या युरोपीय उद्योगाने विकत घेतला. दारूची स्थितीही फार निराळी नाही. तिचा पाया असलेले नायट्रोसेल्युलोज सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून बनते, आणि २०२२ पासून युक्रेनमधील युद्धाने तोफगोळ्यांसाठी त्याची मागणी वाढवली आहे. घरातील प्रेस ही या साखळीची शेवटची कडी आहे. तिच्या मागच्या कड्या घराबाहेरच राहतात.

२०२१ मध्ये ज्यांची नेमबाजी चालू राहिली, त्यांनी २०१९ मध्ये टोप्या घेऊन ठेवल्या होत्या. त्याच वर्षी तयार काडतुसांच्या पेट्या घेऊन ठेवणाराही तितकाच निर्वेध होता. दोघांत एक फरक मात्र खरा आहे, आणि तो पुनर्भरणीच्या बाजूने नोंदवावा लागतो. तयार काडतूस बहुधा एकाच मापाच्या बंदुकीत चालते. लहान पिस्तुली टोपी मात्र ९ मिलिमीटर, पॉइंट ३८ स्पेशल आणि पॉइंट ३५७ मॅग्नम या तिन्हींत बसते, आणि दारूचा एकच डबा यांतील एकाहून अधिक काडतुसांसाठी वापरता येतो. ज्याच्याकडे अशा दोन-तीन मापांच्या बंदुका आहेत, त्याला कोणत्या मापाचे किती काडतूस लागेल हे आगाऊ ठरवावे लागत नाही.